फुकट लिनक्सची तीन कोटेशनं

फुकटची वस्तू निवडणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे. विकत घ्यायची असली की माणूस खिसा चाचपतो, झेपेल ती उचलतो आणि पुढे जन्मभर तिची बाजू घेत बसतो. फुकटात खिसा मदतीला येत नाही, डोकं वापरावं लागतं. आणि तक्तेसाहेबांच्या खात्यात डोकं वापरायची पद्धत नव्हती. तिथे तक्ता वापरत.

तक्तेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि त्या बत्तीस वर्षांत तीन कोटेशनं आणि एक तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय टाचणीसुद्धा आत येऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, तक्ता सुटला नाही. घरात झाडू आणायचा तरी तीन दुकानांचे झाडू कागदावर शेजारी शेजारी उभे राहत. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळांचा तक्ता केला होता, अशी इमारतीत वदंता आहे. त्यांच्या पत्नीला, म्हणजे साऱ्या इमारतीच्या काकूंना, कुणी हे विचारलंच तर त्या शांतपणे सांगतात, "केला असेल. माझ्याही मनात एक होता. त्यात हे तिसरे होते. पहिल्या दोघांनी माघार घेतली."

तर या घरातला संगणक अकरा वर्षांचा झाला होता. काकू सकाळी त्याचं बटण दाबत, कपडे वाळत घालून येत, मग त्याचा पडदा उजळू लागे. त्यानंतर ते चक्र फिरत राही, आणि तेवढ्यात काकूंचं वर्तमानपत्र वाचून होई. एके दिवशी पडद्यावर सूचना आली, की हे यंत्र जुनं झालं असून यापुढे त्याला नवी आवृत्ती मिळणार नाही. तक्तेसाहेबांनी ती दोनदा वाचली. निवृत्तीच्या वेळी त्यांना मिळालेल्या पत्राची भाषा साधारण अशीच होती, त्यामुळे त्यांना ते जरा लागलंच.

"याला काही होत नाही," ते म्हणाले. "हा अजून काम करील."

"करू दे की. पण पुढच्या शनिवारच्या आत करील का?" काकूंनी विचारलं.

पुढच्या शनिवारी पाच वाजता रेडिओच्या श्रुतिका स्पर्धेची मुदत संपत होती. काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, त्यामुळे माणसं कशी बोलतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. निवृत्तीनंतर त्या श्रुतिका लिहू लागल्या. पहिल्या दोन साभार परत आल्या. ही तिसरी. अकरा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन जावा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकतात, अशी गोष्ट. सगळे प्रवेश झाले होते, शेवटचा तेवढा राहिला होता. "ही जमली नाही तर मी लिहिणं सोडून देणार," असं त्या एकदा भांडी आवरता आवरता म्हणाल्या होत्या, आणि त्या उगीच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मला दोनच गोष्टी हव्यात," त्यांनी आता सांगितलं. "मराठी टंकता आलं पाहिजे, आणि हे सुरू होता होता माझं वय वाढता कामा नये."

लिनक्सचं नाव पहिल्यांदा काढलं ते तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. तक्तेसाहेब त्यांच्या खुर्चीत आडवे होते, तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा होता. अशा अवस्थेत माणूस कोणताही सल्ला मुकाट्याने ऐकतो आणि डॉक्टर नेमकी हीच वेळ साधत.

"नवीन मशीन कशाला घेता? विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट असतं. त्याचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं उबुंटू टाका. जगभर तेच चालतं, अडलात तर विचारायला हजार माणसं आहेत. काय?"

तक्तेसाहेब "आँ" म्हणाले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

वर जाताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई भेटल्या. त्या कॉलेजात शिकवत आणि कुणाचंही वाक्य संपायच्या आत उत्तर तपासून मोकळ्या होत. तक्तेसाहेबांनी बधिर जिभेने उबुंटूचा उच्चार कसाबसा केला.

"डॉक्टरांनी सांगितलं ना? वाटलंच. अहो, नवख्या माणसानं लिनक्समधलं मिंट घ्यावं. जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि सवयीची बटणं सवयीच्या जागी सापडतात. उबुंटू वाईट नाही, पण काकूंना सगळं नव्यानं शोधत बसावं लागेल."

डॉक्टर आणि बाई यांच्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून जुनं वैर होतं. एकाने उजवं म्हटलं की दुसऱ्याला डावीकडे गेल्याशिवाय चैन पडत नसे. साऱ्या इमारतीला ते पाठ होतं, तक्तेसाहेबांना मात्र त्यात निकोप स्पर्धा दिसली. दोन कोटेशनं तर आली! तिसरं त्यांनी स्वतः इंटरनेटवरून शोधून आणलं. त्याचं नाव झोरिन. इमारतीत त्याची शिफारस कुणीच केली नव्हती, पण खरेदी शाखेच्या परंपरेत तिसरं कोटेशन असंच असतं. ते केवळ संख्या भरायला येतं, आणि आपण कशाला आलो हे त्यालाही माहीत असतं.

त्या संध्याकाळी तक्तेसाहेबांनी मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, तीन नावं लिहिली आणि 'दर' या रकान्याशी येऊन थबकले. पहिल्याचा दर शून्य. दुसऱ्याचा शून्य. तिसऱ्याचीही फुकट आवृत्ती होती, तिचा दर शून्य.

बत्तीस वर्षांत असं संकट आलं नव्हतं. नियम स्पष्ट होता, सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यावं. पण इथे तिघेही सर्वांत कमी, आणि तिघेही सर्वांत जास्त! नियमांच्या पुस्तकात समान दर आल्यास वाटाघाटी कराव्यात असं होतं. मग तक्तेसाहेबांनी तेही केलं. त्यांनी तिघांच्याही इंटरनेटवरच्या चर्चापीठांवर सविस्तर पत्र टाकलं: 'आपला दर प्राप्त झाला. तरी अंतिम व वाजवी दर कळवावा, तसेच तो नव्वद दिवस वैध राहील याची हमी द्यावी.' दोघांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाच्या कुणा भल्या माणसाने उत्तर दिलं, ते बाईंनी मराठीत सांगितलं. "आम्ही फुकट देतो. याहून कमी करायचं तर आम्हालाच तुमच्याकडे कामाला यावं लागेल." तक्तेसाहेबांनी ते पत्र फायलीला लावलं. त्यांच्या मते सूर सहकार्याचा होता.

दर संपला, उरला दर्जा. दर्जासाठी नमुने मागवायचे आणि समिती नेमायची. बाईंनी तीन पेन ड्राइव्हवर तिन्ही लिनक्स घालून दिली. यांची गंमत अशी की पेन ड्राइव्ह खोचून संगणक सुरू केला की सगळं त्या पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या जुन्या मालाला धक्का लागत नाही. आवडलं तर मग पक्कं बसवायचं. "म्हणजे नमुना!" तक्तेसाहेब हर्षाने म्हणाले. संगणकाच्या दुनियेत इतकी शिस्त असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'नमुना अ', 'नमुना ब', 'नमुना क', आणि कुठल्या अक्षरामागे कोण आहे हे समितीला कळू नये म्हणून यादी पाकिटात घालून पाकीट बंद केलं.

गुरुवारी सकाळी समिती बसली. डॉक्टर, गणिताच्या बाई, आणि वापरकर्ता विभागातर्फे काकू. अध्यक्ष अर्थात तक्तेसाहेब. पहिली अडचण सुरुवातीलाच आली. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचं असेल तर बटण दाबल्याबरोबर एक विशिष्ट कळ दाबावी लागते, आणि ती कोणती हे त्या अकरा वर्षांच्या यंत्राशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"वरच्या ओळीतली बारा नंबरची," डॉक्टर म्हणाले.

"दोन नंबरची," बाई म्हणाल्या.

"एकेक करून पाहू," अध्यक्ष म्हणाले, पण तोवर दोघांनीही हात घातला होता. संगणक केविलवाणा टुंटुं करत जुन्याच वाटेने गेला आणि पुन्हा बंद व्हायला त्याने पंधरा मिनिटं घेतली. दुसऱ्या खेपेला बारा नंबर वाया गेला, तिसऱ्या खेपेला दोन. चौथ्या खेपेला डॉक्टर आणि बाई एकमेकांच्या कळांतले दोष सांगण्यात गुंतले असताना काकूंनी पुढे होऊन नऊ नंबर दाबला. पडदा लख्ख उजळला.

"तुम्हाला कसं कळलं हो, काकू?" बाईंनी विचारलं.

"खाली बारीक अक्षरात लिहून येत होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही बोलत होता, म्हणून मध्ये तोंड घातलं नाही."

गोपनीयता त्यानंतर अकरा सेकंद टिकली. पडद्याच्या मधोमध नमुना अ चं नाव भल्यामोठ्या अक्षरात उमटलं आणि डॉक्टरांनी टाळी वाजवली. तक्तेसाहेबांनी पाकीट मुकाट्याने खिशात घातलं. पुढे 'ब' म्हणजे मिंट निघालं तेव्हा बाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच दोष काढायला सुरुवात केली, आणि मिंटविरुद्ध, म्हणजे पुदिन्याविरुद्ध, तक्रार करणारे ते जगातले पहिले दंतवैद्य ठरले. 'क' कडे कुणी फारसं पाहिलंच नाही. ते बिचारं चांगलं चाललं आणि निघून गेलं.

काकूंना 'ब' आवडलं. अक्षर मोठं, मराठी कळफलक बाईंनी चुटकीसरशी लावून दिलेला, आणि बटण दाबल्यापासून दोन मिनिटांत काम सुरू. "हेच घ्या," त्या म्हणाल्या. पण वापरकर्त्याच्या आवडीवर निर्णय व्हायला लागले तर समित्या कशाला? डॉक्टरांनी गुणांकनावर लेखी हरकत घेतली. तिच्यावर सुनावणी शनिवारी दहाला ठेवण्यात आली.

"अहो, शनिवारी माझी मुदत आहे," काकू म्हणाल्या.

"पाचला ना? सुनावणी दहाला आहे," तक्तेसाहेब म्हणाले. वेळापत्रकाच्या बाबतीत त्यांना कुणी हरवू शकत नसे.

शुक्रवारी सकाळी काकूंनी कुणाला न विचारता नमुना ब खोचला, गुरुवारी बाईंचं पाहिलं होतं तसा मराठी कळफलक लावला आणि लिहायला बसल्या. महिनाभर अडलेला शेवटचा प्रवेश त्या दिवशी नळ सुटावा तसा आला. तीन तास त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. श्रुतिका कानांसाठी असते, म्हणून त्या प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहत, कधी थोरल्या जावेच्या आवाजात, कधी धाकटीच्या, आणि मध्येच स्वतःच हसत. तक्तेसाहेब बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून फाईल आवरत बसले होते. दुपारी काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून तक्तेसाहेबांना फार बरं वाटलं. इतक्या खुशीत त्या कैक वर्षांत दिसल्या नव्हत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "उद्या एकदा वाचते आणि पाठवून देते."

आणि पाच वाजता तक्तेसाहेबांनी, नियमाप्रमाणे, कार्यालयीन वेळ संपली म्हणून नमुना बंद केला, पेन ड्राइव्ह उपसला, लिफाफ्यात घातला आणि लिफाफ्यावर सही केली.

शनिवारी नऊ वाजता काकूंनी तो लिफाफा फोडला. संगणक सुरू झाला, मिंट आलं, अक्षर मोठं आलं. प्रवेश नव्हता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग हाक मारली. तक्तेसाहेबांनी बाईंना बोलावलं. बाई ओल्या केसांनी धावत आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जतन कुठे केलं होतंत?"

"इथेच. समोर," काकू म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्याच. "काकू, हा नमुना आहे हो. पाटीवर लिहिल्यासारखं असतं. बंद केलं की सगळं पुसलं जातं. मी गुरुवारी सांगितलं होतं ना साहेबांना, यावर खरं काम करायचं नाही म्हणून?"

सांगितलं होतं. तक्तेसाहेबांनी ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं होतं, मुद्दा चार, पोटमुद्दा ब, खाली लाल रेघ. पण वापरकर्ता विभागाला इतिवृत्ताची प्रत देण्याची त्यांच्या शाखेत पद्धत नव्हती. बत्तीस वर्षांत कधी दिली नव्हती, आणि त्यात काही चूक आहे असं कधी वाटलंही नव्हतं.

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "असू दे. मला ते पुन्हा तसं सुचायचं नाही," आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. तक्तेसाहेबांना स्वतःची इतकी लाज याआधी एकदाही वाटली नव्हती. तेवढ्यात दहा वाजले आणि डॉक्टर हरकतीच्या तीन प्रती घेऊन सुनावणीला हजर झाले.

"सुनावणी रद्द," तक्तेसाहेब म्हणाले.

"रद्द म्हणजे? समितीचा ठराव लागेल."

"समिती बरखास्त. बाई, तुम्ही ते ब पक्कं बसवा. आत्ता. यांना आवडलंय ते."

"आणि तक्ता?" बाईंनी न राहवून विचारलं. तक्तेसाहेबांनी तक्ता घेतला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. डॉक्टरांच्या हातून हरकतीच्या प्रती खाली पडल्या.

मग ते काकूंसमोर जाऊन उभे राहिले. माफी मागायचा त्यांना सराव नव्हता, खुलासे मागवायचा होता. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि थोरल्या जावेच्या, म्हणजे स्वतःला शक्य तितक्या बारीक आवाजात म्हटलं, "'थांब रे बाबा! दार उघडलंस म्हणून काय झालं? आमचं भांडण आत्ता कुठे तिसऱ्या वर्षापर्यंत आलंय!'"

काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली.

"त्यावर लिफ्टवाला म्हणतो, 'बाई, बाहेर सोळा माणसं खोळंबलीत,'" तक्तेसाहेब पुढे म्हणाले. "आणि धाकटी म्हणते, 'त्यांना जिन्याने जायला सांग. मला आधी हिचा सातव्या वर्षाचा टोमणा परत करायचाय.'"

"तुम्ही ऐकत होतात?" काकूंनी विचारलं.

"पॅसेजमध्ये होतो. फाईल आवरत होतो."

"तीन तास?"

"फाईल पहिल्या दहा मिनिटांत आवरली होती," तक्तेसाहेब म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मी नेहमीच ऐकतो. पहिल्या दोन्ही ऐकल्यात. त्या परत आल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नव्हतंस."

बाई संगणकाच्या तारा उगीचच नीट करू लागल्या. काकूंनी घडी बाजूला ठेवली. "'टोमणा परत करायचाय' नाही," त्या म्हणाल्या. "'टोमणा फेडायचाय.' चला, पुढचं सांगा."

बाईंनी काकूंचे आधीचे प्रवेश वेगळ्या पेन ड्राइव्हवर सुखरूप काढून घेतले आणि अर्ध्या तासात मिंट पक्कं बसवलं. मग जे सुरू झालं ते इमारतीत अजून सांगितलं जातं. तक्तेसाहेब थोरली जाऊ, बाई धाकटी, आणि डॉक्टर, हरकत तोंडी मागे घेऊन, लिफ्टवाला. काकू टंकत होत्या. तक्तेसाहेबांना बरंचसं आठवत होतं, पण आठवता आठवता त्यांचं खातं मध्ये येई. "'सबब मी तुझ्याशी बोलणं स्थगित केलं,'" ते थोरलीच्या आवाजात म्हणत आणि काकू हसून हसून कळफलकावर डोकं टेकत. डॉक्टरांना लिफ्टवाल्याच्या वाट्याला आलेली चार वाक्यं फारच कमी वाटली. त्यांनी पाचवं स्वतः बनवलं, आणि ते इतकं चपखल होतं की काकूंनी ठेवून घेतलं. बाईंना आणि डॉक्टरांना लिफ्टच्या दारात समोरासमोर बोलावं लागलं तेव्हा टाकीचा विषय निघालाच, पण तोही धाकटीच्या तोंडी शोभला. काही वाक्यं कालची होती, काही कुणाची ते सांगता येणार नाही. दोन वेळा चहा झाला आणि दोन्ही वेळा तो तक्तेसाहेबांनी केला.

चार बावन्नला काकूंनी पाठवायचं बटण दाबलं. चार त्रेपन्नला पोच आली. चौघेही त्या दोन ओळींकडे पाहत उभे राहिले. मग डॉक्टर बाईंना म्हणाले, "तुमचं मिंट बरं आहे," आणि बाई म्हणाल्या, "उबुंटूही वाईट नाही हो," आणि दोघे बोलत बोलत जिना उतरले.

काकूंनी एक कोरं पान उघडलं.

"आता काय?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

"चौथी. डोक्यात आलीय, तोवर मांडून ठेवते." त्या वळल्या. "आणि हे बघा, पॅसेजमध्ये बसून कान लावायची काही गरज नाही. ती खुर्ची आत आणा. फक्त एक अट आहे. मी विचारल्याशिवाय सूचना करायची नाही."

तक्तेसाहेबांनी मान डोलावली, खुर्ची उचलून आत आणली, काकूंच्या डाव्या बाजूला ठेवली आणि हाताची घडी घालून गप्प बसले. चांगली चार मिनिटं बसले, असं काकू सांगतात.